दसऱ्यानंतर फ्लोट का हलत नाही? नागपूरच्या तलावांवर दरवर्षी येणारी अडचण

लक्षण ओळखीचं आहे. पोळ्यापासून नवरात्रापर्यंत रोहू आणि मृगळ हे मासे गळाला बरे लागतात. मग दसरा होतो, आभाळ मोकळं होतं, पाणी निवळतं. पाळ तीच, दगड तोच, चाराही तोच, पण फ्लोट (मासा लागला की हलणारा, दोऱ्यावरचा तरंगता तुकडा) सकाळपासून दुपारपर्यंत उभाच्या उभा. किंवा त्याहून वैताग आणणारा प्रकार: फ्लोट सारखा टिचक्या मारतो, गळ वर काढावा तर रिकामा.

अशा वेळी पहिला संशय चाऱ्यावर जातो. भुईमुगाच्या ढेपेऐवजी जवसाची ढेप येते, त्यात बडीशेप पडते, व्हॅनिला पडतो, कुणी मोहफुलंही कुटून घालतो. दोन रविवार असेच जातात. आमचं मत ठाम आहे: चारा सगळ्यात शेवटी बदलायचा. आधी जागा तपासा, मग तळ, मग खोली, मग तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) आणि गळ. दहातल्या आठ वेळा अडचण चाऱ्यापर्यंत पोचायच्या आतच सापडते, कारण या दिवसांत माशाची चव बदलत नाही. त्याची उभं राहायची जागा बदलते.

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट. जिल्ह्यातले बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. गळ टाकण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा, शुल्क असेल तर भरा. पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या तोतलाडोहात मासेमारीला बंदी आहे, तिकडे जाऊच नका. शहरातल्या तलावांवर पाटीवर जे लिहिलं असेल ते पाळा. आणि पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले दिसले तर ते कुणाचं तरी उभं पीक आहे. त्यातून तंगूस ओढत नेऊ नका.

ऑगस्टची जागा ऑक्टोबरमध्ये का चालत नाही

याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात.

पहिलं कारण नाल्याचं. पावसाळ्यात नाला तलावाला मिळतो तिथे गढूळ पाण्याबरोबर गांडुळं, किडे, गवताचं बी वाहून येतं. मासा त्या तोंडाशी येऊन उभा राहतो. हस्ताचा पाऊस सरला की नाल्याची धार बारीक होते, चित्रात बंद पडते. आयतं येणारं खाणं थांबलं की मासा तिथे थांबत नाही, तो पांगतो. नाल्याच्या तोंडाशी पाणी गुडघाभर उरलं असेल आणि तळ पायाला मऊ लागत असेल, तर ती जागा पुढच्या जूनपर्यंत सोडून द्या.

दुसरं कारण वाऱ्याचं, आणि याकडे फार कमी लोक बघतात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. पाण्यावर तरंगणारं बारीक जीवजंतूंचं खाणं तो पूर्वेच्या काठाला ढकलतो, म्हणून पूर्वेचा काठ चांगला चालतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस विदर्भातून परततो आणि वारा उत्तर-ईशान्येकडून वाहू लागतो. हा वारा मंद असतो, पण दिवसचे दिवस एकाच दिशेनं वाहतो. आता खाणं दक्षिण-नैर्ऋत्य काठाला जमतं. कटला तर सगळ्यात आधी तिकडे जातो, कारण तो वरवरच्या पाण्यातलं खाणारा आहे. त्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं असतं.

करायचं एवढंच: काठावर उभं राहून चिमूटभर कोरडा कोंडा पाण्यावर सोडा आणि तो कुठे सरकतो ते दहा मिनिटं बघा. ज्या काठाकडे तो जातो, तिकडे बसा. रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या मोठ्या पाण्यावर हा फरक ठळक जाणवतो. छोट्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, फारसा नाही.

तळ कुजला आहे का

जागा बरोबर आहे, तरीही तळावरचा चारा कुणी शिवत नाही. मग शिशाला विचारा.

तंगुसाला २० ग्रॅमचं शिसं बांधा, बसायच्या जागेसमोर टाका, तळाला लागू द्या आणि हातभर हळू ओढून घ्या. वर काढलं की आधी बघा, मग वास घ्या. शिशाला वाळूचे कण किंवा पिवळसर माती लागली असेल तर तळ चांगला. काळा, बोटाला लोण्यासारखा लागणारा गाळ आला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असला, तर तिथे तळाशी प्राणवायू उरलेला नाही. तिथे मृगळही थांबणार नाही, मग ढेप कितीही उत्तम असो.

हे पावसाळा सरतानाच का होतं? तलाव भरतो तेव्हा काठचं गवत, बेशरमची झुडपं, तरोटा, सगळं पाण्याखाली जातं. महिना-दीड महिना ते कुजत राहतं आणि कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकतं. जोवर पाऊस पडतोय, वारा आहे, नवं पाणी येतंय, तोवर ही तूट भरून निघते. ऑक्टोबरच्या उन्हात वारा पडतो, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि झाकणासारखं वरच राहतं. खालच्या पाण्याला हवा मिळत नाही. मुळात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमीच मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास.

उपाय म्हणजे जिथे पावसाळ्याआधी गवत नव्हतं तिथे बसायचं. मुरमाचा उतार, पाळीच्या दगडांचा पायथा, जुनी बैलगाडीची वाट पाण्यात उतरते ती जागा. उन्हाळ्यात तलाव आटलेला असताना एकदा फिरून मोबाइलवर फोटो काढून ठेवले असतील तर ऑक्टोबरमध्ये त्यांचं सोनं होतं. नसतील काढले, तर दर दहा पावलांवर शिसं टाकत जा. अर्ध्या तासात शंभरेक पावलांचा काठ तपासून होतो.

पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसले तर गळ टाकून उपयोग नाही. रात्रभर पाण्यातल्या वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून सूर्योदयाच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवसानंतरच्या सकाळी तर फारच कमी. अशा दिवशी नऊनंतर सुरुवात करा. गुदमरलेला मासा खात नाही.

याला अपवाद मरळ. तो वर येऊन थेट हवेतून श्वास घेतो, त्यामुळे रोहू-मृगळ गप्प असतात त्या दिवशीही मरळ कमळाच्या पानांच्या कडेला शिकार करत असतो. रबरी बेडूक, जाड दोरा, आणि पानांच्या मोकळ्या फटीतून हळू ओढणं, बस. मात्र पाण्यावर नारिंगी-तांबूस पिल्लांचा थवा बुडबुड्यांसारखा खालीवर होताना दिसला तर त्याच्या खाली आई-बाप राखणीला असतात. तिथे गळ टाकू नका. जोडी काढली की तो सगळा थवा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

खोली: इथेच बहुतेकांचं चुकतं

ऑगस्टमध्ये गढूळ पाण्यात रोहू चार फुटांवरही येतो. पाणी निवळलं आणि ऊन चढलं की तो उतरतो, पण वर सांगितल्याप्रमाणे अगदी तळालाही जात नाही. तो मधल्या थरात लटकतो. तुमचा चारा तळाला, मासा त्याच्यावर तीन फूट. दिवसभर भेट होत नाही.

थर बघायला महागडं यंत्र लागत नाही. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा काचेचा छोटा थर्मामीटर आणि २०० मिलीची पातळ प्लास्टिकची बाटली घ्या. थर्मामीटर बाटलीत टाका, बाटली तलावाच्या पाण्यानं काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, खाली मूठभर दगड बांधा. सुतळीला दर फुटावर गाठ मारा. बाटली हव्या त्या खोलीवर सोडा आणि पंधरा मिनिटं राहू द्या. तेवढ्यात आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं होतं. पटकन वर ओढा आणि लगेच आकडा वाचा. बाटली भरलेली असते म्हणून वर येईतो आकडा फारसा सरकत नाही. नुसता थर्मामीटर सोडला तर वरच्या कोमट पाण्यातून येताना तो खोटं बोलतो.

दुपारी दोन-तीनच्या सुमाराला वरच्या फुटात आणि तळाशी तीन अंशांहून जास्त फरक आला तर थर बसला आहे असं धरा. दर दोन फुटांवर बाटली सोडून आकडा कुठे एकदम घसरतो ते शोधा. त्या घसरणीच्या वर एक-दीड फूट, ही रोहूची जागा. फरक एक अंशाच्या आत असेल तर पाणी वरपासून खालपर्यंत एक झालंय, आणि मग तळावरच्या चाऱ्यालाही अर्थ आहे.

आता काठापुढची नेमकी खोली मोजा. सरकत्या फ्लोटच्या वर, तंगुसावर, दोऱ्याची गाठ घालून ठेवा. गळाला फ्लोट पेलणार नाही इतकं, म्हणजे १० ग्रॅमचं शिसं अडकवा आणि टाका. फ्लोट बुडाला तर गाठ कमी खोलीवर आहे, एक फूट वर सरकवा. फ्लोट आडवा पडला तर खोली जास्त धरली गेली, गाठ खाली आणा. फ्लोटचं टोक नुसतं बोटाच्या पेराएवढं बाहेर राहिलं की गाठ ते गळ हे अंतर म्हणजे खोली. समजा ती नऊ फूट आली आणि घसरण सात फुटांवर सापडली, तर शिसं काढून गाठ साडेपाच-सहा फुटांवर आणायची. तळाचा विचार त्या दुपारी सोडून द्यायचा.

ढेपेचे गोळे फेकायची सवयही इथेच नडते. मधल्या थरातल्या माशाला तळावर पडलेला किलोभर चारा दिसतच नाही, तो फक्त गाळात भर घालतो. ऑक्टोबरमध्ये दिवसभराला पाव किलो पुरे, आणि तोही सुटा, जेमतेम ओलसर, पाण्यात फुटून हळूहळू खाली उतरेल असा. दोन भाग तांदळाचा कोंडा आणि एक भाग भाजलेली भुईमुगाची ढेप. मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि पाण्यावर आपटताच उकलावा. दर वीस मिनिटांनी लिंबाएवढा एक.

टिचक्या येतात, गळ रिकामा निघतो

ही तक्रार वेगळी आहे आणि तिचं कारण बहुधा बारीक मासा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संस्था तलावात मत्स्यबोटुकली सोडतात. त्या बोटाएवढ्या रोहू-कटल्यांना तुमचा मऊ गोळा म्हणजे मेजवानी. शिवाय तिलापीची पिल्लं असतात. ओळखायचं असं: फ्लोट थरथरतो, एक-दोन सेंटीमीटर खालीवर होतो, पण कधीच सरळ चालत जात नाही. बोटुकली चुकून गळाला लागलीच तर हात ओला करून धरा आणि पाण्यातच सोडा. ती पुढच्या वर्षाची मासोळी आहे, आणि संस्थेनं पैसे मोजलेली.

इथे मात्र चाऱ्याला हात लावायचा. चव तीच ठेवा, कडकपणा वाढवा. दीडशे ग्रॅम कणीक, पन्नास ग्रॅम मैदा, दीडशे ग्रॅम भाजून चाळलेली भुईमुगाची ढेप. पाणी अंदाजे १६० मिली, पण एकदम ओतायचं नाही, ढेपेप्रमाणे कमी-जास्त लागतं. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा, ओल्या फडक्याखाली वीस मिनिटं ठेवा. हरभऱ्याहून थोडे मोठे, साधारण १२ मिलीमीटरचे गोळे वळा आणि उकळत्या पाण्यात सोडा. वर तरंगले की आणखी एक मिनिट, मग बाहेर. फडक्यावर, सावलीत, तासभर सुकवा.

गोळा पाण्यात विरघळतो याची कारणं दोनच असतात. मळणं कमी पडलं, किंवा ढेप कणकेपेक्षा जास्त झाली. ढेपेला चिकटपणा नसतो, धरून ठेवते ती कणीक आणि मैदा. घरून निघताना एक गोळा पेलाभर पाण्यात टाकून ठेवा. अर्ध्या तासानं बोटानं दाबल्यावर कडा मऊ पण गाभा घट्ट लागला पाहिजे. एवढी खटपट नको असेल तर रात्रभर भिजवून उकडलेले हरभरे किंवा मक्याचे दाणे चालतात. बारीक माशाला ते गिळता येत नाहीत.

मोठा मासा खातो, पण लागत नाही

पाणी निवळल्यावर पावसाळ्यातलं ०.४० मिलीमीटरचं तंगूस माशाला दिसतं, आणि त्याच्या ताठपणामुळे चारा अनैसर्गिक हलतो. मुख्य तंगूस ०.२८ ते ०.३० वर आणा, गळाजवळचा हातभर तुकडा ०.२२ ते ०.२५. गळ रोहू-मृगळाला ६ किंवा ८ नंबरचा (नंबर वाढला की गळ लहान होतो). गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवून हलकं ओढा. ते नखात रुतून थांबलं पाहिजे. घसरलं तर गळ फेका. दगडी पाळीवर दोनदा आपटलेला गळ हमखास बोथट असतो.

गोळ्यात गळ पूर्ण लपवायची सवय उकडलेल्या कडक गोळ्याला चालत नाही, टोक आतच अडकतं. कडक गोळा असेल तर टोक बाहेर ठेवा, अगदी उघडं. निवळ पाण्यातही मासा त्याला तितका बिचकत नाही जितका जाड तंगुसाला बिचकतो.

मृगळासाठी शिशाची मांडणी बदला. त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं. तो तळावरचा चारा खाली वाकून ओढून घेतो आणि मग सरळ होतो. फ्लोटखालचं सगळं शिसं एकत्र असेल तर ही हालचाल वर दिसतच नाही. तीन ग्रॅमच्या फ्लोटला सव्वादोन ग्रॅम वर फ्लोटजवळ लावा आणि पाऊण ग्रॅमचा एक दाणा गळापासून सहा-सात सेंटीमीटरवर. गाठ खोलीपेक्षा दहा सेंटीमीटर जास्त ठेवा आणि तंगूस हळू ताणत जा, टोक तेवढं बाहेर राहीपर्यंत. आता मृगळानं चारा उचलला की तो दाणा उचलला जातो आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येतो, कधी आडवाच पडतो. तीच झटका द्यायची वेळ. बुडायची वाट बघितली तर तोवर त्यानं चारा थुंकलेला असतो. ही मांडणी अर्थात पाणी एक झालेलं असताना आणि तळ स्वच्छ असतानाच कामाची.

दिवाळीच्या सुमाराला सगळंच दोन-चार दिवस बंद पडलं तर

रात्री एकदम गार झाल्या किंवा परतीचा वळीव वाऱ्यासकट कोसळला की वरचं पाणी थंड, जड होऊन खाली बसतं आणि तळाचं कुजकं पाणी वर मिसळतं. पाण्याला तपकिरी छटा येते, काठाशी उग्र वास येतो, कुजलेल्या पानांचे तुकडे तरंगतात. हे दिसलं की खोली, तंगूस, चारा काहीही बदलून उपयोग नाही. मोठा खोल तलाव सोडा आणि चार-पाच फूट खोलीच्या बोडीवर जा. तिथलं पाणी रोज रात्री वरखाली मिसळत असतं, त्यामुळे असा एकदम धक्का बसत नाही. मोठं पाणी काही दिवसांत सावरतं. वास गेला आणि पुन्हा हिरवट झाक दिसू लागली की परत या. वळीव गडगडत असताना मात्र पाळीवर थांबू नका. कार्बनची काठी विजेला बोलावते.

त्यानंतर हिशेब पुन्हा उलटतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून पाणी गार होऊ लागतं आणि कटला, रोहू, मृगळ यांची भूक पडते. या माशांना २५ ते ३० अंशांचं पाणी मानवतं. पहाटे पाचला जाऊन कुडकुडण्यात काही हशील नाही. अकरा ते तीन ही वेळ धरा, उन्हं थेट पडतात तो उथळ काठ धरा, गोळा अर्धा करा, गळ १० नंबरचा. पेरायचा चारा दिवसाला मूठभर, त्याहून जास्त नाही. कॉमन कार्प, म्हणजे सायप्रिनस, थंडी जास्त सोसतो. डिसेंबरात तळावरच्या मक्याच्या दाण्याला बहुधा तोच लागतो, आणि त्याची ओढ इतकी सावकाश असते की फ्लोट वाऱ्यानं सरकतोय असं वाटतं. फ्लोट वाऱ्याच्या उलट दिशेला बोटभर जरी सरकला तरी काठी उचला.